उठणे, बसणे आणि हात देणे

आमच्या परिचयातील एका शिक्षिकेच्या सासूबाई, वय ७८, न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडले नाही, मुका मार बसला. घरातील सगळे नोकरीवर किंवा शाळेत जाणारे. म्हणून ब्युरोमार्फत दिवसभरासाठी एक बाई ठेवली. बाई कष्टाळू आणि मायाळू होती. ती आजींना पलंगावरच अंग पुसून देई, गाऊन बदली, ताट हातात देई, पाणीही उठू न देता आणून देई. दुखणे पंधरा दिवसांत थांबले. तीन महिन्यांनी मात्र आजींना कोणी बखोटीला धरून उचलल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. 'वय झालं' असे सर्वांनी म्हटले आणि आजींनीही ते मान्य केले.

परंतु तीन महिन्यांत माणसाचे वय तीन महिन्यांनीच वाढते. मग एवढे काय बिघडले? घरोघरी येणारा हा प्रश्न शरीरशास्त्राइतकाच पदार्थविज्ञानाचाही आहे, म्हणून वर्गात मांडण्याजोगा आहे.

रोजच्या कामांची मोजदाद प्रथम पद्धतशीरपणे केली ती अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांचे निरीक्षण करताना त्यांनी सहा कामे निवडली : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या सूचीतला लक्षणीय भाग म्हणजे कामांचा क्रम. माणसाच्या हातून प्रथम अंघोळ सुटते, जेवणे सर्वांत शेवटी. मूल जे आधी शिकते ते शेवटपर्यंत टिकते. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचे व्यवहार, औषधे वेळेवर घेणे अशा जरा गुंतागुंतीच्या कामांची वेगळी यादी केली. भारतात २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या मोठ्या पाहणीत साठीपुढील सुमारे २४ टक्के लोकांना पहिल्या प्रकारच्या किमान एका कामात आणि सुमारे ४८ टक्क्यांना दुसऱ्या प्रकारच्या किमान एका कामात अडचण येत असल्याचे आढळले. कॅट्झ यांच्या यादीत जमिनीवरून उठणे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. आपल्याकडे पाटावर बसून जेवणे, देवपूजा, भाजी निवडणे, उकिडवे बसून शौच हे सारे जमिनीलगतचे. त्यामुळे आपल्या घरात पहिली कुरबूर बहुधा तेथेच सुरू होते.

आता स्नायूंकडे वळू. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान वर्षाला साधारण एक टक्क्याने घटते आणि ताकद त्याहून वेगाने घटते. मज्जारज्जूतील काही चेतापेशी नष्ट होतात, त्यांच्या हुकमतीतले तंतू पोरके होतात. त्यांपैकी काहींना शेजारच्या चेतापेशी दत्तक घेतात, बाकीचे झिजतात. झीज विशेषतः जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंची होते. म्हणूनच वृद्ध माणूस सावकाश चालू शकतो, पण ठेच लागल्यावर झटकन पाऊल टाकून तोल सावरणे त्याला जमत नाही.

पण ही घट संथ असते, आणि काम मात्र एकाएकी बंद पडते. असे का? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुर्चीतून उठताना मांडीच्या पुढील स्नायूंना आपल्या कमाल शक्तीचा किती वाटा खर्चावा लागतो हे मोजले होते. विशीतील माणसांना तो सुमारे ४२ टक्के लागला, तर सत्तरीतील माणसांना सुमारे ८० टक्के. म्हणजे तरुणाच्या शक्तीपैकी अर्ध्याहून अधिक शिल्लक राहते, आजींकडे जेमतेम पाचवा हिस्सा. हा हिस्सा संपेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. विहिरीचे पाणी रोज थोडे थोडे उतरते, पण दोर अपुरा पडतो तो एका विशिष्ट दिवशी, तसेच हे.

आणि शिल्लक संपवायला आजारच लागतो असे नाही, अंथरूण पुरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्रीपुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील चरबीविरहित वस्तुमान जवळजवळ एक किलोने घटले. आपल्या आजी तर तीन महिने पलंगावर होत्या, आणि चहा-बिस्किटांवर भर होता.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. काठाखाली थोडेसेच उतरलेले माणूस थोड्याशा वाढीनेही काठावर येते. १९९० मध्ये बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोनी यांनी नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धसेवागृहात राहणाऱ्या दुर्बल स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला. दहांपैकी नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता हे खरे, पण पुढील अनेक अभ्यासांनी त्याची दिशा बरोबर ठरवली. म्हातारा स्नायू शिकवणी विसरत नाही.

तेव्हा मदतीचे मार्ग तीन. काम सोपे करावे, माणसाची ताकद वाढवावी, किंवा काम आपणच करून टाकावे. तिसरा मार्ग सर्वांत लवकर उरकतो आणि म्हणूनच घरोघर तोच वापरला जातो. त्याची किंमत एका साध्या प्रयोगातून कळते. १९८२ साली ॲव्हॉर्न आणि लँगर यांनी वृद्धसेवागृहातील ७२ जणांपैकी काहींना चित्रकोडे जुळवताना हाताने मदत केली, काहींना केवळ शब्दांनी उत्तेजन दिले आणि उरलेल्यांना तसेच सोडले. उत्तेजन मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. मदत मिळालेल्यांची खालावली. 'मला हे जमत नाही' हा धडा न बोलताही देता येतो.

काम सोपे कसे करायचे, हे वर्गात दाखवता येईल. एका विद्यार्थ्याला खुर्चीत पाठ टेकून बसवा आणि त्याच्या कपाळावर आपले एक बोट टेकवून ठेवा. हात न वापरता, पाय पुढे ठेवून त्याला उठायला सांगा. धडधाकट मुलालाही उठता येत नाही, कारण त्याचा गुरुत्वमध्य आसनावर आहे आणि तो पावलांच्या वर आणण्यासाठी डोके पुढे झुकलेच पाहिजे. आता बोट काढा, पावले खुर्चीखाली मागे घ्यायला सांगा आणि नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतके वाकू द्या. तो सहज उठतो. आजींना उठवताना आपण पुढ्यात अगदी जवळ उभे राहतो आणि काखेत हात घालून वर ओढतो. म्हणजे त्यांना वाकायला जागाच ठेवत नाही, शिवाय खांदा दुखावतो तो वेगळाच. बाजूला उभे राहून 'पाय मागे घ्या, पुढे वाका' एवढे म्हटले, तरी पुष्कळदा हाताची गरज उरत नाही.

नंतर तोच प्रयोग बालवाडीच्या बुटक्या खुर्चीवर करून पाहावा. आसन जितके खाली, तितका गुडघा अधिक दुमडतो आणि मांडीच्या स्नायूला अधिक परिबल निर्माण करावे लागते. पलंग व खुर्ची यांच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे बसवून आसन एवढे उंच करावे की पावले जमिनीवर पूर्ण टेकून गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील. हात असलेली खुर्ची घ्यावी. न्हाणीघरात बसायला न घसरणारे स्टूल, बादलीही उंचावर, आणि धरायला भिंतीत घट्ट बसवलेली दांडी हवी. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचे वजन पेलत नाही, हे ती उपटून आल्यावर कळण्यात अर्थ नाही. रात्रीच्या वाटेवर दिवा असावा. साठीतील डोळ्याच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या सुमारे एकतृतीयांश प्रकाश पोचतो. पलंगावरून उठताना मिनिटभर काठावर बसावे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून भोवळ येण्याचा धोका कमी होतो.

काठीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे चूक सर्रास होते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी बहुतेक जण उजव्या हातात धरतात. ती डाव्या हातात हवी. उजव्या पायावर उभे असताना शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूने खाली ओढते आणि खुब्याबाहेरचा स्नायू ती ओढ तोलून धरतो. ही पहिल्या प्रकारची तरफ आहे आणि खुबा हा तिचा टेकू. स्नायूची भुजा वजनाच्या भुजेच्या साधारण निम्मी असल्याने त्याला वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो, आणि दोन्ही मिळून खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. डाव्या हातातील काठी टेकूपासून फार दूर असते. तिची भुजा स्नायूच्या भुजेच्या सहा-सात पट तरी भरते. म्हणून काठीवर एक किलो भार दिला की स्नायूची सहा-सात किलोंची ओढ वाचते. उंचीही पाहावी : हात सैल सोडला असता मूठ मनगटाच्या घडीशी यावी. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. काठी कोठूनही मिळो, ती मापाची करून घेणे घरच्यांच्या हाती असते.

ताकद मोजण्याची एक कसोटी विद्यार्थ्यांना घरी करता येईल. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर दुमडून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजायचे. ७० ते ७४ या वयात स्त्रियांना दहापेक्षा आणि पुरुषांना बारापेक्षा कमी वेळा जमले तर पडण्याचा धोका अधिक समजतात. शेजारी मोठे माणूस हवेच. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी किंवा छातीत दुखणाऱ्यांनी हे करू नये. हीच उठबस रोज थोडी थोडी, आधी हातांचा आधार घेऊन आणि मग सोडून, केली की तोच व्यायाम होतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवावी. काल अंघोळ करणाऱ्या माणसाला आज अचानक ती जमेनाशी झाली, बोलणे अडखळले किंवा भ्रम झाला, तर ते वय नव्हे. जंतुसंसर्ग, नवे औषध, पक्षाघात, काहीही असू शकते. तेथे ठोकळे आणि काठी नव्हे, डॉक्टर हवा, आणि तोही लगेच.

त्या आजींकडे पुढे भौतिकोपचारतज्ज्ञ आल्या. त्यांनी पहिल्या दिवशी आजींना नव्हे, बाईंना शिकवले. पाण्याचा तांब्या पलंगापासून दहा पावलांवर ठेवायचा आणि सोबत चालायचे. गाऊनची बटणे आजी लावतील, बाईंनी हात मागे बांधून उभे राहायचे. बाईंना हे फार जड गेले. बसून पगार घेतल्यासारखे वाटते, असे त्या म्हणाल्या. घरच्यांनाही जड गेले, कारण सकाळी नळ जाण्यापूर्वी सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या असतात आणि आजींना न्हाणीघरात पाऊण तास लागे. शेवटी आजींची अंघोळ दुपारी, घर रिकामे झाल्यावर ठरली. चार महिन्यांनी त्या स्टुलावर बसून स्वतः अंघोळ करू लागल्या. पाठ तेवढी बाई घासून देतात. जमिनीवर मात्र त्या पुन्हा बसल्या नाहीत. भाजी आता जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून निवडतात, आणि पायाची नखे कापायला नातीला हाक मारतात.