कुत्रा कुणाचा, आणि ताब्यात कुणाच्या?

मंडळी, मघाशी एका ताईंनी विचारलं, "रॉटवायलर पाळायला बंदी आहे का हो?" तिथूनच सुरू करू. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींचे कुत्रे पाळू देऊ नका, असं राज्यांना कळवलं. पिटबुल, रॉटवायलर त्यातच. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही म्हणून. तेव्हा जातींच्या यादीत अडकू नका. गावठी कुत्राही चावतो, आणि खरा कायदा त्यालाही लागू आहे.

तो कायदा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१; जुन्या दंड संहितेत २८९ होतं. ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवतो, आणि तुम्ही जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शब्द नीट ऐका: 'ताब्यातल्या'. 'मालकीच्या' असं कलम म्हणत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा शब्द फार महागात पडू शकतो. आवास, सासवणे, किहीम, नागाव, सगळीकडे वाड्यांचे बंगले झालेत. मालक शनिवारी मांडव्याला उतरणार, रविवारी परत. मधले पाच दिवस कुत्रा रखवालदार दादाकडे. तो गेटबाहेर सुटला आणि शाळेतून येणाऱ्या पोराला चावला, तर पोलीस आधी दादाच्याच दारात. मालक सुटला असं नाही हं. कुंपणाला पैसे द्यायचे की नाही ते त्याच्याच हातात असतं. म्हणून रखवालदारी करणाऱ्यांना माझं सांगणं: गडगा ढासळलाय, गेटची कडी लागत नाही, कुत्रा कुणाच्या अंगावर गेलाय, हे तोंडी सांगून सोडू नका. व्हॉट्सॲपवर फोटोसकट पाठवा आणि ते पुसू नका.

'कुत्र्यापासून सावधान' ही पाटी? तिने जबाबदारी टळत नाही. उलट धोका माहीत होता, हे ती पाटीच सांगते.

हे सगळं कागदावरच राहतं असंही नाही. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली मालमत्तेवरून भांडण झालं, मालकाने गाडीचं दार उघडलं, आतला रॉटवायलर एका वयस्कर गृहस्थांना चावला. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला ३ महिन्यांची कैद सुनावली. तेरा वर्षं लागली, तो भाग वेगळा.

मग बांधूनच ठेवू, म्हणाल. तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कायम आखूड साखळीला बांधणं, फिरवायला न नेणं हाही गुन्हा. शिवाय असा कुत्रा चिडका होतो. पैसा साखळीपेक्षा कुंपणावर घाला.

आणि चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रा १० दिवस नजरेसमोर हवा, पण लस तोवर थांबवायची नाही. घाबरून त्याला लांबच्या गावात सोडून येणारे असतात. तसं सोडून देणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.