मान दुखली होती का?

चाळिशीच्या आतल्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं, की घरचे दारू-तंबाखूचा विषय काढतात आणि डॉक्टर रक्तदाब नि साखर पाहतात. दोन्ही योग्यच. पण या वयातल्या पक्षाघाताचं एक महत्त्वाचं कारण मानेत असतं, आणि मानेबद्दल क्वचितच कुणी विचारतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचा आतला पापुद्रा फाटणं, हे ते कारण. एकूण पक्षाघातांत त्याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास आहे. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत मात्र तो २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मानेतून अशा चार धमन्या वर जातात. दोन पुढच्या बाजूला असतात आणि दोन मणक्यांच्या भोकांतून मागून चढतात. मागच्या दोन्ही धमन्या पहिल्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात, म्हणून मान जोरात फिरली की तिथे ताण येतो. धमनीची भिंत गोधडीसारखी थरांची असते. आतला थर उसवला की रक्त दोन थरांच्या मध्ये शिरतं, भिंत फुगते आणि वाट अरुंद होते. त्या जागी गुठळी धरते, आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला की पक्षाघात होतो. हे घडायला कधी काही तास लागतात, कधी दोन-तीन आठवडे. रोगनिदानाची सगळी अडचण या मधल्या काळात आहे. अंगावरून वारं जाईपर्यंत मानेचं दुखणं सगळे विसरून गेलेले असतात.

पूर्वी हा आजार बहुतेक शवविच्छेदनातच उघड होई. बोस्टनचे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली जिवंत रुग्णांच्या अँजिओग्राफीवरून त्याचं चित्र मांडलं, आणि मग तो ओळखू येऊ लागला. सर्वसामान्यांपर्यंत तो पोचला क्रिकेटमुळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू आदळला, मागची धमनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो गेला. एवढा मोठा आघात मात्र अपवादच. मान झटक्यात वळणं, गाडीचा हिसका, जोराचा खोकला, मान मोडून घेणं एवढंही पुरतं. काहींच्या धमन्यांची भिंत जन्मतःच नाजूक असते. केशकर्तनालयात चंपीनंतर मान कडकडा मोडून घ्यायची आपल्याकडची सवय सोडून द्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

खुणा बारीक असतात, पण शोधणाऱ्याला सापडतात. मानेच्या किंवा डोक्याच्या एकाच बाजूला, आधी कधी न अनुभवलेली कळ येते. त्याच बाजूची पापणी किंचित खाली येते आणि बाहुली बारीक होते. स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेलं हे लक्षण पुढच्या धमनीकडे बोट दाखवतं. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येतो. मागची धमनी फाटली तर हात-पाय लुळे पडतीलच असं नाही. चक्कर, उलटी, न थांबणारी उचकी, घोगरा आवाज, चालताना एका बाजूला झोक जाणं, असं चित्र दिसतं. अशा माणसाला पित्त झालं, ऊन लागलं किंवा मणक्याची चक्कर आहे, असं म्हणून घरी पाठवणं फार सोपं असतं.

यानंतर तपासणी. डोक्याचा साधा सीटी स्कॅन रक्तस्राव आहे की नाही ते सांगतो, मानेतली फाट त्यात दिसत नाही. शिरेतून औषध सोडून छातीतल्या महाधमनीपासून टाळूपर्यंत काढलेली सीटी अँजिओग्राफी हवी. तिथे धमनी ज्योतीसारखी निमुळती होत गेलेली किंवा दोऱ्याएवढी बारीक झालेली दिसते. चरबी साठून होणारा अडथळा साधारणपणे धमनीच्या दुभाजनापाशी असतो, तर फाट त्याच्या थोडी वर सुरू होते. हा फरक वाचता आला पाहिजे. चरबीची चमक दाबून काढलेल्या एमआरआयमध्ये भिंतीतलं रक्त पांढऱ्या चंद्रकोरीसारखं उठून दिसतं. पहिल्या एक-दोन दिवसांत मात्र ही कोर उमटलेली नसू शकते, त्यामुळे तेव्हाचा निर्दोष अहवाल शेवटचा मानू नये. सोनोग्राफीला कवटीजवळचा भाग नीट दिसत नाही.

बीड जिल्ह्यात ही तपासणी गाठणं अंतराशी बांधलेलं आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा इथला मोठा आधार. पण आष्टीच्या माणसाला अहिल्यानगर जवळ पडतं आणि गेवराईच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर. शिवाय दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोद्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर उसाची मोळी, आणि ती घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मोळीमुळेच धमनी फाटते, असा दावा मी करत नाही. पण मान लचकली कारखान्याच्या फडात, तिथे गोळी खाऊन काम चालू ठेवलं, आणि वारं गेलं गावी परतल्यावर, तर दवाखान्यात हकीकत सांगणाऱ्या नातेवाइकाला ती मान कुठून आठवणार? २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हापासून ऊसतोड महिलांच्या आरोग्याची चर्चा होते. टोळी निघताना आणि परतताना होणाऱ्या तपासणीत मानेचा एक प्रश्न जोडायला पैसा लागत नाही. आशाताई तो विचारू शकतात.

धमनी फाटल्याची शंका आली म्हणून पक्षाघातावरचे तातडीचे उपचार अडवू नयेत. कवटीबाहेरची फाट असली तरी साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. १०८ला फोन करताना माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगावी. पुढे गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिनसारखी गोळी द्यायची की रक्त पातळ करणारं औषध, यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात २५० रुग्णांच्या कॅडिस चाचणीत (२०१५) दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. युरोपातल्या ट्रीट-कॅड चाचणीने (२०२१) ॲस्पिरिन त्या तोडीचं असल्याचं सिद्ध होत नाही, असं नोंदवलं. म्हणून निवड रुग्ण पाहूनच होते.

दिलासा असा, की बऱ्याच धमन्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप भरून येतात आणि फाट पुन्हा होण्याचं प्रमाण कमी आहे. तोवर औषध सुटता कामा नये आणि मानेवर ओझं पडता कामा नये. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्याला यातली दुसरी अट पाळणं जवळजवळ अशक्य असतं. सहा महिन्यांनंतरची अँजिओग्राफी तर ऐन हंगामात येऊ शकते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर निदान, औषधाचं नाव, पुढच्या तपासणीचा महिना आणि ‘डोक्यावर ओझं नको’ ही सूचना ठळक मराठीत हवी. मग ते कार्ड कोल्हापूरकडच्या शिरोळच्या दवाखान्यात दाखवलं तरी तिथल्या डॉक्टरला सगळं कळेल, आणि मुकादमालाही वाचता येईल.