पत : खतावणीपासून स्कोअरपर्यंत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि हाती लागलेल्या वह्या व खते जाळली. चौकशी आयोगाला आढळले, की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जिथे सावकाराने खते मुकाट्याने दिली, तिथे सहसा मारहाण झाली नाही. आपल्या नावावर काय लिहिले आहे ते कुळाला ठाऊक नसे, हे खरे दुखणे. म्हणूनच १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यात पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क आला.

या दंग्यांची कागदपत्रे मी हौसेने चाळत होतो, त्याच सुमारास, २०१९ साली, घरदुरुस्तीचे माझे कर्ज नाकारले गेले. कारण एक जुने क्रेडिट कार्ड. कात्रीने त्याचे दोन तुकडे केले, बँकेला फोन केला, की ते बंद झाले असे मी धरून चाललो होतो. लेखी काही घेतले नाही. वार्षिक शुल्क लागत राहिले, त्यावर दंड, दंडावर व्याज. कुणब्याची कीव करणारा मी, स्वतःचे खाते कधी उघडून पाहिले नव्हते!

आपली ही खतावणी आता चार कंपन्या ठेवतात. त्यांतली सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. २००५च्या कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली. ३०० ते ९०० मधला आकडा म्हणजे आपली पत. वेळेवर भरणा, मर्यादेच्या मानाने वापर, खात्यांचे वय, नव्या कर्जांची चौकशी यांवर तो हलतो. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेले कर्ज ‘सेटल्ड’ असे नोंदले जाते, आणि पुढचा सावकार ते ‘पूर्ण फेडले’ असे वाचत नाही.

पण खरी मेख ‘किमान देय रक्कम’ या गोड शब्दांत आहे. समजा, थकबाकी ४०,००० आणि किमान देय पाच टक्के, म्हणजे २,०००. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर १,४०० त्यातच गेले. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी २५२. मुद्दल फिटले ३४८ रुपये. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज खरेदीच्या दिवसापासूनच सुरू. वेळेवर भरल्याची नोंद मात्र स्वच्छ राहते, म्हणून माणूस गाफील राहतो.

आता कार्ड बंद करण्याची विनंती, बाकी नसल्यास, सात कामकाजी दिवसांत पाळावी लागते. उशीर केल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड. (हा नियम २०२२चा, माझ्या उपयोगाचा नाही.) चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर एप्रिल २०२४पासून दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

लक्ष्मीपूजनाला दुकानदार वही पूजतात, मी त्या आठवड्यात अहवाल काढतो. यंदाच्या अहवालात मी कधीच न राहिलेला एक पत्ता माझ्या नावावर आहे. तक्रार केली आहे; आज एकोणिसावा दिवस.