‘ओपॅक’ म्हणजे काय रे भाऊ?

मंठा, परतूर किंवा भोकरदनहून सकाळच्या एसटीनं जालन्याला कॉलेजला येत असाल, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. परीक्षा आठ दिवसांवर आलीये. सर म्हणतात, ‘ते संदर्भ पुस्तक लायब्ररीत आहे, बघून घ्या.’ रात्री तुम्ही मोबाइलवर लायब्ररीची वेबसाइट उघडता. वर सरकणारी ‘सुस्वागतम्’ची पट्टी, खाली प्राचार्यांचा संदेश, त्याखाली इमारतीचा फोटो. पुस्तक आहे का, उद्या लायब्ररी उघडी आहे का, यातलं काहीच कळत नाही. मग दुसऱ्या दिवशी लेक्चर नसतानाही यायचं. काउंटरवर कळतं, प्रत एकच आहे आणि ती कुणीतरी नेलीये.

माझं हे तीनदा झालं. कॉलेजसमोरच राहणाऱ्याची यात दहा मिनिटं जातात. गावाहून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. एसटीचा पास असला तरी तो दिवस काही परत मिळत नाही.

अशा वेळी आपण एकच मागणी करतो, ‘नवी वेबसाइट करा!’ मग समिती बसते, कोटेशन मागवतात, बजेटसाठी पुढचं वर्ष उजाडतं. कधीतरी नवी साइट येते, फीत कापली जाते. रंग नवे असतात, पण पहिल्या पानावर पुन्हा तोच संदेश आणि तोच फोटो. कारण पुस्तक शोधणारा कुठे अडतो, हे मधल्या काळात कुणी बघितलेलंच नसतं.

याला दुसरा रस्ता आहे. साइट आहे तीच ठेवायची. एक अडचण शोधायची, तेवढीच दुरुस्त करायची, लोक ती कशी वापरतात ते बघायचं, मग पुढची. ऐकायला फारच साधं वाटतं ना? पण जगभरात लायब्ररीची कामं अशीच सुधारली आहेत.

‘कोहा’चं उदाहरण घ्या. अनेक कॉलेजांच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी याच सॉफ्टवेअरवर असतात. ते जन्माला आलं न्यूझीलंडमध्ये. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी यंत्रणा सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून त्यांनी एका छोट्या कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर करून घेतलं. ३ जानेवारी २००० ला ते सुरू झालं आणि त्यांनी ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. ‘कोहा’ हा माओरी शब्द, अर्थ भेट. आज जगभरातले लोक त्यात भर घालतात. दर मे आणि नोव्हेंबरमध्ये त्याची नवी आवृत्ती येते, मधल्या काळात दर महिन्याला किरकोळ दुरुस्त्या. पंचवीसहून जास्त वर्षं झाली तरी ‘आता झालं’ असं कुणी म्हटलेलं नाही.

आपल्याकडे हे फार आधी सांगून ठेवलंय. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि मूळचे गणिताचे शिक्षक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायचा. पाचवा असा, की ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव गोष्ट आहे. १२ ऑगस्टला त्यांच्या नावानं ग्रंथपाल दिन होतो, फोटोला हारही घातला जातो. पण चौथा नियम आपल्या मोबाइलच्या स्क्रीनवर कुठे दिसतो?

तिसऱ्यांदा हात हलवत परत आल्यावर मी आमच्या ग्रंथपाल सरांना भेटले. म्हटलं, ‘सर, प्रोजेक्ट म्हणून मी पाच जणांना साइट वापरायला लावू का? मी फक्त बघते.’ पाचच का, तर वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी २०००मध्येच लिहून ठेवलंय, की पाच माणसांना वापरताना बघितलं तरी बहुतेक अडचणी दिसतात. पंधरा जण मिळाले तर त्यांची एकदम एक मोठी चाचणी घेऊ नका. पाच-पाच जणांच्या तीन घ्या आणि मध्ये दुरुस्ती करा.

सर हो म्हणाले. मी पाच जणांना एकच काम दिलं. ‘शिवाजी सावंतांचं मृत्युंजय आपल्याकडे आहे का आणि आज मिळेल का, मोबाइलवर शोधून सांगा.’ आणि गप्प बसले. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड होतं बरं का!

पाचपैकी चौघांना शोधायची जागाच सापडली नाही. ती होती, पण तिच्यावर ‘ओपॅक’ लिहिलेलं होतं. एकाला वाटलं, हे तेलवाल्या देशांचं काहीतरी असणार. ओपॅक म्हणजे लायब्ररीची सगळ्यांना बघता येणारी पुस्तकयादी. हे ग्रंथपालांना माहीत असतं, एफवायच्या पोराला कुठून माहीत असणार? सरांनी त्याच दुपारी तो शब्द काढून ‘पुस्तक शोधा’ असं लिहिलं. खर्च शून्य.

दुसऱ्या फेरीत नवे पाच जण. बटण सगळ्यांनी दाबलं, पण पुढे नवीच अडचण. देवनागरीत ‘मृत्युंजय’ टाइप केलं, उत्तर शून्य. कारण नोंद इंग्रजी अक्षरांत होती. इंग्रजीत लिहायचं तर एकानं ‘मृ’साठी ‘एमआरयू’ लिहिलं आणि नोंदीत होतं ‘एमआरआय’. पुन्हा शून्य. पुस्तक मात्र कपाटात शांतपणे उभं!

मराठीची ही अडचण आणखी खोल आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शोध फसतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण ती सोय केलेली नसेल तर कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काही नोंदी तर जुन्या फॉन्टमधल्या असतात. त्या साइटवर आल्या की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

आता हजारो नोंदी एकदम सुधारायच्या म्हटलं तर कुणीच हात लावणार नाही. त्यावर सरांनीच तोड काढली. पुस्तकांच्या नोंदी ज्या मार्क पद्धतीनं ठेवतात, तिच्यात २४६ क्रमांकाचा रकाना शीर्षकाच्या वेगळ्या रूपांसाठीच असतो. काउंटरवर एक वही ठेवली. ज्याला शोधून पुस्तक सापडलं नाही, त्यानं टाइप केलेला शब्द वहीत लिहायचा. रोज त्यातल्या पाच पुस्तकांच्या २४६मध्ये देवनागरी नाव आणि इंग्रजीतली दुसरी स्पेलिंग भरायची. म्हणजे मुलं जी पुस्तकं खरोखर मागतात, ती आधी सापडायला लागतात.

सगळे बदल जमले असं नाही. लायब्ररीची वेळ आम्ही लाल रंगात सरकत्या पट्टीवर टाकली. तिसऱ्या फेरीत ती एकानंही वाचली नाही, सगळ्यांना जाहिरात वाटली. आठवड्यात काढली आणि साध्या अक्षरांत शोधाच्या चौकटीखाली लिहिली. छोट्या बदलाचा फायदा हाच. चुकला तरी लगेच मागे घेता येतो.

जालनेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही खरं तर. घाणेवाडी तलावातला गाळ लोकांनी एका दिवसात काढला नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे ते काम केलं, तेव्हा पाणी साठायला जागा झाली.

आमच्या साइटवर प्राचार्यांचा संदेश अजून आहे, फक्त खाली गेलाय. पुस्तकाची मुदत वाढवायला अजून प्रत्यक्ष यावंच लागतं. पुढच्या फेरीचा विषय तोच. पण परवा परतूरच्या एका मैत्रिणीनं रात्री घरूनच बघितलं, पुस्तक बाहेर गेलंय. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, घरीच अभ्यास केला.

तुमच्या कॉलेजात करून बघा

• आत्ता मोबाइलवर तुमच्या लायब्ररीची साइट उघडा. आजची वेळ आणि पुस्तक शोधायची जागा किती सेकंदांत सापडते ते मोजा.

• वेगवेगळ्या वर्गांतले पाच जण घ्या. सगळ्यांना एकच काम द्या. मदत करू नका, कुठे अडतात ते लिहा.

• ग्रंथपालांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, ती यादी घेऊन जा. त्यातली एकच गोष्ट या महिन्यात बदलून मागा.

• बदल झाला की नव्या पाच जणांना बसवा. जमलं नसेल तर मागे घ्या आणि पुढच्या गोष्टीला लागा.