कडांवरची रंगीत झालर

काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. म्हणून साध्या भिंगाने टिपलेल्या फोटोत, विशेषतः कोपऱ्यांकडे, कडांना तांबडी-निळसर झालर दिसते. हा दोष घालवणाऱ्या जोडभिंगाचं पेटंट जॉन डॉलंडने १७५८ मध्ये घेतलं. आज तीच झालर आपण हौसेने आणतो.

फोटोशॉपमध्ये लेयरची प्रत करा, सगळं सिलेक्ट करा, चॅनेल्समधून फक्त रेड निवडा आणि फ्री ट्रान्सफॉर्मने, मध्यबिंदू न हलवता, किंचित मोठा करा, १००.३ टक्के पुरे. चॅनेल नुसता बाजूला सरकवलात तर झालर सगळीकडे सारखीच पडते आणि छपाईत रंग हलल्यासारखं वाटतं. खऱ्या भिंगात मध्यभाग स्वच्छ राहतो. रात्रीचे दिवे, निष्पर्ण फांद्या यांवर ती खुलते. धुक्यातल्या फोटोत ठळक कडाच नसतात. तिथे हा खटाटोप नको.