बुलडोझर वळेना, तर दोष कोठें?

रोगाचें निदान झाल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्यकाचा पहिला नियम होय. यंत्रांच्या बाबतींतही हाच नियम लागू पडतो. परंतु तेथें तो पाळणारे थोडे. यंत्र बिघडलें कीं पाना हातीं घ्यावा आणि जें प्रथम दिसेल तें उघडावें, अशी पुष्कळांची रीत असते. सायकलीच्या बाबतींत या उतावळेपणानें फारसें नुकसान होत नाहीं. परंतु दहा टनांहून अधिक वजनाच्या, चेनवर चालणाऱ्या जुन्या बुलडोझरचा एक क्लच उघडावयाचा म्हणजे आसन उतरवावें लागतें, कित्येक यंत्रांत डिझेलची टाकीही काढावी लागते, आणि मालकाचे अनेक दिवस व पुष्कळ पैसा खर्चीं पडतो. एवढें करूनही दोष भलतीकडेच निघाला, तर झालेला खर्च व्यर्थ. शिवाय काम उतारावरचें असलें, तर न ओळखलेला दोष चालकाच्या जिवावर बेततो. म्हणून असा बुलडोझर नीट वळेनासा झाला असतां, तो न उघडतां दोष कसा ओळखावा, हें आम्ही येथें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं सांगणार आहों.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें बेंजामिन होल्ट यानें १९०४ सालीं आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें काढून त्यांच्या जागीं फिरते पट्टे बसविले. कारण तिकडच्या मऊ जमिनींत जड ट्रॅक्टरचीं चाकें रुतत असत. त्या पट्ट्यांची चाल सुरवंटासारखी दिसे, म्हणून त्यास 'कॅटरपिलर' हें नांव मिळालें. पुढें १९२५ सालीं होल्ट आणि बेस्ट यांच्या कंपन्या एक होऊन त्याच नांवाची कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धांत तिच्या डी-७ वगैरे यंत्रांनीं जगभर रस्ते व विमानतळ बांधले. आसामांतील लेडोपासून ब्रह्मदेशांत जाणारा रस्ता, ज्याचें काम अमेरिकन तुकड्यांनीं १९४२ च्या डिसेंबरांत हातीं घेतलें, तोही अशाच यंत्रांच्या बळावर झाला. आपल्या देशांत १९४७ सालीं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन झाली, ती मध्य भारतांतील कांस गवतानें पडीक पडलेली जमीन मोकळी करण्यासाठीं. आणि त्याच जातीच्या कामासाठीं यंत्रें घेण्यास जागतिक बँकेनें १९४९ सालीं १ कोटी डॉलरांचें कर्ज दिलें. आम्ही पुढें जें सांगणार आहों, तें युद्धकाळांतील डी-७ सारख्या जुन्या यंत्रांस, म्हणजे ज्यांचे वळणाचे क्लच कोरडे असून हातदांड्यांनीं चालतात अशांस, लागू आहे. नव्या यंत्रांत क्लच तेलांत बुडालेले असतात, किंवा वळण्याची योजनाच निराळी असते.

मोटारगाडी पुढचीं चाकें वळवून वळते. बुलडोझरला वळविण्याजोगें चाकच नाहीं. इंजिनाची शक्ति मुख्य क्लचमधून गियरपेटींत आणि तेथून एका आडव्या दांडीवर येते. त्या दांडीच्या दोन टोकांस दोन क्लच असतात, एक डाव्या चेनसाठीं व एक उजव्या चेनसाठीं. प्रत्येक क्लचांत पुष्कळ चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक चकती आंतल्या ड्रमला दातांनीं अडकलेली, तर तिच्या शेजारची बाहेरच्या ड्रमला. मजबूत स्प्रिंगा या सर्व चकत्यांस एकमेकींवर दाबून धरतात आणि त्या घर्षणानें शक्ति चेनपर्यंत पोंचते. चालकानें दांडा ओढला म्हणजे स्प्रिंगांचा दाब दूर होतो, चकत्या सुट्या होतात, आणि त्या बाजूची चेन इंजिनापासून मोकळी होते. दुसरी चेन चालतच असल्यामुळें यंत्र मोकळ्या बाजूकडे हळूहळू वळतें. जागच्या जागीं वळावयाचें असेल, तर बाहेरच्या ड्रमभोंवतीं असलेला ब्रेकचा पट्टा पायानें आंवळून ती चेन थांबवावी लागते.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे दोषांची विभागणी आपोआप होते. क्लचचें काम दोन प्रकारचें: धरणें आणि सोडणें. म्हणून त्याचे दोषही दोनच, आणि ते एकमेकांच्या उलट. एक न सोडणारा क्लच, दुसरा न धरणारा क्लच. तिसरा दोष ब्रेकचा. तो क्लचचा नव्हे, परंतु पुष्कळदां त्याचें खापर क्लचवर फुटतें. दांडा ओढला असतां यंत्र हळू वळतें, पण ब्रेक दाबूनही वळण आंखूड होत नाहीं, असें दिसल्यास क्लच आपलें काम करीत आहे. ब्रेकचा पट्टा झिजला आहे किंवा त्यास तेल लागलें आहे, असें समजावें.

परीक्षेपूर्वीं बाहेरच्या गोष्टी पाहाव्या. एक चेन दुसरीपेक्षां फार ताणलेली आहे काय? ब्लेडचा एक कोपरा जमिनींत अधिक रुततो काय? एका बाजूचा ब्रेक न सुटतां घासत आहे काय? यांपैकीं कोणत्याही कारणानें यंत्र एका बाजूस ओढतें. घासणाऱ्या ब्रेकची खूण ही कीं, यंत्र रिकामें चालतांनाही त्या बाजूस ओढतें आणि तो ड्रम विशेष तापतो. न धरणाऱ्या क्लचची खूण निराळी आहे: रिकामें यंत्र सरळ चालतें, आणि माती ढकलूं लागलें कीं मगच त्या बाजूची चेन मागें पडते.

आतां पहिली परीक्षा, सोडण्याची. सपाट व मोकळें मैदान निवडावें. जवळपास कोणी माणूस उभा नसावा. ब्लेड जमिनीपासून थोडें उचललेलें असावें. आणि दांड्यांवर जाणता चालकच असावा. यंत्र पहिल्या गियरांत, इंजिनाचा वेग कमी ठेवून, सरळ चालूं द्यावें आणि दोन्ही दांडे एकदम पुरते ओढावे. क्लच निर्दोष असतील, तर इंजिन चालू असून व गियर पडलेला असूनही यंत्र थांबेल. समजा, तें थांबलें नाहीं आणि उजवीकडे वळूं लागलें. येथें विद्यार्थ्यानें क्षणभर थांबून विचार करावा. वळण उजवीकडे, म्हणून दोष उजवीकडे, असें मनांत येणें साहजिक आहे; पण तें चूक होय. यंत्र उजवीकडे वळतें, कारण डावी चेन अजून चालत आहे. म्हणजे न सोडणारा क्लच डावा.

दुसरी परीक्षा धरण्याची. यंत्र मधल्या गियरांत हळू चालवावें. उजवा क्लच तपासावयाचा असल्यास डावा दांडा ओढून डावी बाजू मोकळी करावी, उजव्या दांड्यास हात लावूं नये, आणि उजवा ब्रेक जोरानें दाबावा. आतां इंजिनाचा सर्व भार एकट्या उजव्या क्लचवर येतो. यांतून तीन गोष्टींपैकीं एक घडेल. इंजिन कण्हून बंद पडूं लागलें, तर क्लच व ब्रेक दोन्ही चांगले. चेन थांबली, पण इंजिन खुशाल चालत राहिलें, तर क्लच आंतल्या आंत घसरत आहे. चेन थांबलीच नाहीं, तर ब्रेक कमजोर आहे. क्लचविषयीं या परीक्षेनें कांहींच सिद्ध झालें नाहीं, हें प्रामाणिकपणें मान्य करावें. नंतर डावी बाजू याच रीतीनें पाहावी. दोन्ही बाजूंस इंजिन सारखेंच चालत राहिलें, तर दोन निराळे क्लच दोषी ठरविण्याआधीं दोहोंस समान असलेला मुख्य क्लच तपासावा. ही परीक्षा थोडे सेकंदच करावी. अधिक वेळ केल्यास चांगल्या चकत्याही जळतील.

बाजू व दोष कळल्यावर कारण शोधावें, आणि तें स्वस्तापासून महागाकडे जाऊन शोधावें. सर्वांत स्वस्त तपास दांड्याच्या मोकळ्या चालीचा. दांडा ओढूं लागल्यावर पहिलें कांहीं अंतर तो ढिला येतो, मग स्प्रिंगांचा जोर हातास लागतो. चकत्या झिजतात तशी ही ढिली चाल कमी होत जाते. ती मुळींच उरली नाहीं, तर स्प्रिंगांस चकत्या पुरत्या दाबतां येत नाहींत व क्लच घसरतो. चालकास दांड्यावर हात टेकून बसण्याची संवय असेल, तरी परिणाम तोच. उलट ढिली चाल फार वाढली, तर दांडा शेवटपर्यंत ओढूनही चकत्या सुटत नाहींत. दोन्ही वेळीं एका नटाच्या फेऱ्यांनीं काम भागूं शकतें. त्या यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें माप प्रमाण मानावें.

चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर क्लचच्या कप्प्याखालचा निचऱ्याचा बूच काढून पाहावा. कोरड्या क्लचच्या कप्प्यांतून तेल वाहिलें, तर शेजारच्या गियरपेटीचें सील गळत आहे. पूर्वीं असे कप्पे रॉकेलनें धुण्याची रीत होती. त्यानें चकत्या कांहीं काळ धरतात. परंतु सील बदललें नाहीं तर तेल पुन्हां येणारच. कप्पा कोरडा निघाला, तर झिजलेल्या चकत्या किंवा थकलेल्या स्प्रिंगा यांचा संशय घ्यावा.

न सोडणाऱ्या क्लचच्या बाबतींत आधीं यंत्राचा इतिहास विचारावा. पावसाळाभर उघड्यावर उभें राहिलेलें यंत्र सुरू केल्यावर वळत नसेल, तर चकत्या गंजून एकमेकींस चिकटल्या असाव्या. यंत्र तापवून, मोकळ्या मैदानांत दांडा ओढून धरून ब्रेक वारंवार दाबल्यास त्या कधींकधीं सुटतात. मात्र सुटतात त्या एकदम, व यंत्र झटक्यानें वळतें; म्हणून भोंवतालीं कोणी नसावें. यंत्र दीर्घकाळ उभें ठेवतांना दांडे ओढलेल्या स्थितींत बांधून ठेवावे, म्हणजे हा प्रसंग टळतो. रोज चालणारें यंत्र हळूहळू वळेनासें झालें असेल, तर दांड्याच्या जोडांतील झीज, सोडविणारें बेअरिंग, वांकलेल्या चकत्या किंवा चकत्यांच्या दातांनीं ड्रमला पाडलेल्या खांचा, यांचा विचार करावा. यांपैकीं शेवटच्या दोहोंसाठीं क्लच उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

एक गोष्ट मात्र दोषासारखी दिसते, पण दोष नव्हे. आणि ती न जाणणें सर्वांत घातक. तीव्र उतारावर यंत्राचें वजनच त्यास खालीं ढकलीत असतें, आणि गियरांतील इंजिन दोन्ही चेनांस आवरून धरतें. अशा वेळीं डावीकडे वळण्यासाठीं चालकानें नुसता डावा दांडा ओढला, तर डावी चेन त्या आवरांतून सुटते, अधिक वेगानें धांवते, आणि यंत्र उजवीकडे वळतें. क्लच बिघडला असें समजून त्यानें दांडा आणखी ओढून धरला, तर यंत्र भलत्याच दिशेस अधिकच जाईल, आणि त्या दिशेस दरी असेल तर परिणाम सांगावयास नको. उतारावर दांडा ओढतांच त्याच बाजूचा ब्रेकही दाबावा. किंवा ब्रेक न वापरतां मुद्दाम उलट बाजूचा दांडा ओढावा. न धरणाऱ्या क्लचनेंही हाच अनर्थ ओढवतो. कारण त्या बाजूच्या चेनला इंजिनाचा आवर पोंचत नाहीं. म्हणून ज्याच्या क्लचविषयीं संशय आहे, तें यंत्र सपाटीवर तपासल्याशिवाय उतारावर नेऊं नये.

या सर्वांत अवघड असें गणित नाहीं. कोणती चेन चालते व कोणती थांबते एवढें पाहावयाचें, दोन बाजूंची तुलना करावयाची, आणि एका खुणेचीं अनेक कारणें असतील तर त्यांतील एकेक दूर करीत जावयाचें. प्रयोगशाळेंत आमचे विद्यार्थी काचेच्या नळीपुढें जें शिकतात, तेंच हें. पाना हातीं घेण्याची वेळ शेवटीं येतेच. पण तोंवर कोठला नट फिरवावयाचा, हें ठरलेलें असावें.