बत्तीस रुपयांची वेस

चैत्री पौर्णिमेला मराठवाड्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते, वाटेत माणसं चुनखडी वेचतात. तिथं कुणी कुणाला सारा किती भरतोस म्हणून विचारत नाही. कायदेमंडळाच्या दारात मात्र पहिला सवाल तोच असे.

१९२० साली येरमाळ्याहून बार्शीच्या बाजाराला निघालेला माणूस निजामाच्या मोगलाईतून इंग्रजी मुलखात जायचा. बार्शी मुंबई इलाख्यात. तिकडच्या खेड्यात ३२ रुपये शेतसारा भरणाऱ्याला इलाख्याच्या कायदेमंडळासाठी, म्हणजे कौन्सिलसाठी मत होतं. रत्नागिरीत १६ रुपयेही पुरत. कौन्सिलात निवडून द्यायच्या जागा ८६. पैकी ४६ बिगरमुस्लिम, २७ मुस्लिम (सिंध तेव्हा याच इलाख्यात), व्यापार-उद्योगाच्या ७, जमीनदारांच्या ३, युरोपियनांच्या २, विद्यापीठाची १. ४६ पैकी ७ मराठा व तत्सम जातींसाठी राखून ठेवलेल्या. अस्पृश्यांना राखीव अशी निवडणुकीची एकही जागा नव्हती, डॉ. आंबेडकर १९२७ साली तिथं गेले ते सरकारनियुक्त म्हणून. उरलेल्या खुर्च्यांवर अंमलदार आणि सरकारनं नेमलेली माणसं. सभागृह कसलं, इलाख्याची खातेवहीच ती!

येरमाळ्याच्या वाट्याला तीही नव्हती. हैदराबाद संस्थानात १८९३पासून कौन्सिल होतं, पण त्यात भरणा अधिकाऱ्यांचा. बिनसरकारी सभासद मोजके, जहागीरदार नाहीतर वकील. कामकाज उर्दूत, आणि शेवटचा शब्द निजामाचा. मराठी बोलणाऱ्या कुळाला यातलं काय कळणार, आणि कळून तरी काय करणार? १९३९ साली ८५ जणांची विधानसभा जाहीर झाली. निवडून यायचे ४२, तेही गावागावांतून नव्हे, तर शेती, व्यापार, वकिली अशा हितसंबंधांच्या नावानं. संस्थानातल्या स्टेट काँग्रेस पक्षावर त्या वेळी बंदीच होती.

त्याच काळात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक गावाला विधानसभेत एक प्रतिनिधी मिळे. पन्नास घरांचं गाव आणि मोठं शहर एकाच मापात. न्यायाच्या दृष्टीनं हेही वाकडंच, १९६५पर्यंत चाललं. पण येरमाळा तिथं असतं तर निदान गावाचा म्हणून एक माणूस सभागृहात बसला असता.

१९५२ साली हैदराबादच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या बाईलाही. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि येरमाळ्याचा आमदार बार्शीच्या आमदाराबरोबर एकाच सभागृहात बसू लागला.